तोंडी हजेरी

“बरं, जा,” असं अभिमन मास्तर बोलून गेला आणि म्हातारा खरंच गेला. घडलं ते एवढंच. शाळा सुटल्यावर जळगावच्या नव्या पेठेत पानवाल्यापुढं अभिमन आणि त्याच्या शाळेतले दोघं मास्तर उभे होते. हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न कसं मोडलं याची रसभरित चर्चा चालली होती. तेवढ्यात गर्दीतून एक वाळका म्हातारा पुढं आला. डोक्याचं फडकं सोडून त्यानं काखेत मारलं, पाय जुळवले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “उखर्डू हजर शे, मास्तर.” अभिमनच्या तोंडात पान होतं. विचार करायला थोडी उसंत मिळाली असती तर तो काहीतरी वेगळं बोलला असता, निदान काहीच बोलला नसता. पण जीभ मेंदूची वाट पाहत नाही. रोज दिवेलागणीला जे दोन शब्द ती उच्चारत आली होती तेच तिनं सवयीनं पुढं केले, आणि म्हातारा फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळत, आला तसा गर्दीत शिरला. बरोबरच्या एका मास्तरांना गंमत वाटली. म्हणाले, “काय पाटील, विद्यार्थी बराच जुना दिसतो. पहिलीतच मुक्काम का याचा?” दुसरे खो खो हसले. आणि अभिमनही हसला. लाज वाटायची सुरुवात तिथून झाली, कारण आपण हसतोय हे त्याला स्वतःला ऐकू आलं.

घराकडं चालताना त्याला एकेक गोष्ट सुचू लागली, आणि प्रत्येक गोष्ट मागल्या गोष्टीपेक्षा वाईट होती. पारोळ्याच्या पलीकडच्या ज्या बाजारगावात अभिमन आधी मास्तर होता, तिथला हा पारधी उखर्डू. तो जळगावला बाजारहाट करायला येणारा माणूस नव्हे. उद्या सेशन्स कोर्टात त्याच्या पोराचा, चिंधाचा, खटला होता. खुनाचा. खून झाला त्या घटकेला चिंधा कुठं होता हे वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण पारध्यानं पारध्याची साक्ष द्यायची म्हणजे कोर्टाच्या दृष्टीनं ती चोराची चोराला. गावातल्या माणसांना ठाऊक होतं, पण गावानं कानावर हात ठेवले होते. राहता राहिला एक भला, शिकलेला, सरकारी नोकरीतला माणूस, ज्याच्या शब्दाला वजन पडलं असतं. तो पान चघळत उभा होता. म्हातारा त्याला शोधत आला असणार. दोन शब्द बोलायचे असणार त्याला. मनात जुळवून आणले असणार वाटेनं. पण आधी रीत पाळायला हवी म्हणून त्यानं हजेरी दिली, आणि मास्तरांनी ती घेतली, आणि जा म्हटल्यावर जायचं असतं. अभिमन रस्त्यातच थांबला. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं शिवी हासडली. ती शिवी त्याला जरा बरीच वाटली.

हा सगळा घोळ सुरू झाला तो दलिचंद शेठच्या घरच्या दरोड्यापासून. ते गाव तसं अडनिडं. पावसाळ्यात नाला भरला की टपालसुद्धा पलीकडच्या काठावर बसून राहायचं, मग पोलीस कुठले. दलिचंद शेठचं कापसाचं आणि किराण्याचं दुकान. माणूस गरीब स्वभावाचा, मारवाडातून आलेल्या आजोबांनी मांडलेला व्यवहार तो जपून चालवत होता. दरोडेखोर आले ते कुठून आले, कुठं गेले, कोण होते, आजतागायत कुणाला कळलेलं नाही. त्यांनी शेठच्या आईच्या, लाडकुंवरबाईंच्या कानातले वेल ओरबाडले. आकडे सोडवत बसायला त्यांना सवड नव्हती. दोन्ही पाळ्या फाटल्या. अभिमननं दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीला पाहिलं होतं. ओढणी कानांवर घट्ट दाबून ती भिंतीशी बसली होती आणि कुणी दारातून आत आलं की दचकत होती. तो दचका खोटा नव्हता. गावाची भीतीही खोटी नव्हती, हे अभिमनला नंतर पुष्कळदा स्वतःला बजावून सांगावं लागलं.

सरकार आलं, पण वरातीमागून घोडं यावं तसं. आधी फौजदार आला, त्यानं चार गरिबांना बडवलं. मग प्रांतसाहेब जीप घेऊन आले. चावडीपुढं सतरंजी घालून त्यांनी भाषण केलं. नवं राज्य आहे, लोकांनीच आता आपलं रक्षण करायला शिकलं पाहिजे, म्हणून त्यांनी शांतता कमिटी नेमली. अध्यक्ष दलिचंद शेठ, चिटणीस अभिमन मास्तर, कारण चिटणीस म्हणून मास्तरच असतो. शिवाय गावात जादा पोलीस ठेवता येतील, मात्र त्यांचा खर्च गावावर बसेल, असं साहेब सांगून गेले. तोवर गाव भीतीनं अर्धमेलं झालं होतं. खर्चाचं ऐकल्याबरोबर ते पुष्कळच सावरलं. एवढी काही भीती नाही, असं गावचे पाटील म्हणाले. सावकार म्हणाले, देव आहे. नाल्यापलीकडं पारध्यांची पालं होती. चोरी कुठंही होवो, बोट तिकडंच वळायचं. साप म्हणून भुई धोपटायला ती भुई बरी सापडली होती.

पूर्वी त्या वस्तीची हजेरी व्हायची. इंग्रजांनी कायदाच केला होता, अमुक जातीत जन्मला की गुन्हेगार, त्यानं सकाळ-संध्याकाळ पोलीस पाटलाला तोंड दाखवायचं, रजेवाचून शीव ओलांडायची नाही. स्वातंत्र्य आल्यावर दोन वर्षांनी मुंबई सरकारनं तो कायदा काढून टाकला. शाळेत अभिमननं त्या दिवशी मुलांना साखर वाटली होती, पदरची. तेव्हा या गोष्टीचं त्याला फार वाटायचं. आणि दरोड्यानंतर महिन्याभरात शेठच्या ओसरीवर चहा पिताना फौजदार बशीत फुंकर मारत म्हणाला की कायदा गेला हे खरं, पण त्यांची सवय काही गेली नसेल. घ्या की तुम्ही हजेरी. कमिटी आहे ना. फक्त कागदावर काही नको, तोंडी घ्या. पोलीस पाटील घाबरले, कारण ते सरकारी माणूस. शेठ स्वतः फिर्यादी, त्यांना बरं दिसेना. मग कुणीतरी म्हणालं, “मास्तरांना सवयच आहे हजेरीची,” आणि ओसरीभर हशा पिकला. इतके दिवस घाबरलेली माणसं मोकळेपणी हसत होती. त्या हशाच्या भरात अभिमनच्या गळ्यात ते घोंगडं पडलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणायला लागतो तेवढा वेळही मिळाला होता. पण ज्या ओसरीवर शेठ आपल्याला गादीवर बसवतात तिथं तोंड वाकडं करणं त्याला जड गेलं. तो स्वतः पारोळ्याकडच्या एका कोरडवाहू घरचा पोर. बाप अजून शेतातून आल्यावर अंगणात उकिडवा बसायचा. गादीवर बसण्याची नवलाई अभिमनची अजून गेली नव्हती.

म्हणून मग रोज दिवेलागणीला मारुतीच्या पारापुढं वस्तीतले बाप्ये ओळीनं उभे राहू लागले. अभिमन पारावर बसायचा आणि नावं घ्यायचा. नावं त्याला दोनतीन दिवसांतच पाठ झाली. मास्तरला नावं पाठ व्हायला वेळ लागत नाही. एक नाव घेतलं की पुढून “हजर शे” यायचं. सगळी झाली की तो म्हणायचा, “बरं, जा,” आणि ओळ मोडायची. त्याला या कामाची मनापासून लाज वाटायची. इतकी, की त्यानं कधी मान वर केली नाही. पाराच्या कडेला एक दगड निखळला होता, त्याच्या खाचेत मुंग्या असायच्या, तिथं नजर लावून तो नावं घ्यायचा. याला तो माणुसकी समजत असे. फौजदारानं त्यांना कान धरून उकिडवं बसवलं असतं, एकेकाच्या हनुवटीला काठी लावून तोंड वर केलं असतं. आपण निदान त्यांच्याकडं रोखून पाहत नाही. पाहिलंच नाही म्हणजे त्यांचा अपमानही तेवढा झाला नाही, असा काहीतरी हिशेब त्यानं मनाशी जुळवला होता. त्यांच्याशी तो अहिराणीतही बोलत नसे. घरी आईशी बोलायची ती भाषा. तिथं ती तोंडातून आली तर पारावरून खाली उतरावं लागेल असं त्याला वाटायचं. शाळेतली शुद्ध मराठी बरी होती, ती कुणाचीच नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं कुणाला सांगितली नाही, बायकोला, सुनंदालाही नाही. कधी कधी, सगळेच्या सगळे आवाज एकामागून एक नीट यायचे, कुठं अडखळ नाही की उशीर नाही, तेव्हा त्याला आत कुठंतरी बरं वाटायचं. वर्गातली पोरं कधी इतक्या शिस्तीनं ओ देत नसत. हे बरं वाटणं आठवलं की आजही त्याला भर रस्त्यात कपाळावर घाम फुटायचा.

गाव मात्र सुखानं झोपू लागलं. त्या दोन वर्षांत तिथं चोरी झाली नाही. ती हजेरीमुळं झाली नाही की दरोडेखोर दुसरीकडं गेले म्हणून, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. श्रेय मास्तरांना मिळालं. कुणी तूप पाठवायचं, कुणी नव्या तुरीची डाळ. लाडकुंवरबाई एकदा स्वतः चालत आल्या. फाटलेल्या पाळ्या त्यांनी आता झाकायचं सोडलं होतं. अभिमनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या की तुमच्यामुळं डोळा लागतो, मास्तर. त्या हाताचं काय करायचं ते अभिमनला अजून कळलेलं नव्हतं. झटकून टाकावा असा तो नव्हताच.

मग कापसाच्या दिवसांत ती गोष्ट घडली. पारोळ्याच्या रस्त्यावर, गावापासून चांगली चार कोस लांब, ऐन दिवेलागणीला एक कापसाची गाडी लुटली गेली आणि गाडीवान डोक्यात घाव बसून मेला. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी मारेकरी पळताना लांबून पाहिले, त्यामुळं वेळ पक्की होती. तेवढी एकच गोष्ट पक्की होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी नाल्यापलीकडून तिघांना उचललं, त्यात चिंधा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण पारध्याला संन्यासी कोण म्हणणार. ते तिघंही आदल्या संध्याकाळी पारापुढं होते. अभिमननं नावं घेतली होती, तिघांनी ओ दिली होती. चार कोसांवर गाडीवानाच्या डोक्यात घाव बसत होता त्याच वेळी चिंधा “हजर शे” म्हणत होता. उखर्डू तर निर्धास्त होता म्हणे. पोराला बेड्या पडल्या तेव्हा वस्तीतल्या बाया रडायला लागल्या, त्यांना त्यानंच गप्प केलं. आपली हजेरी झालेली आहे, मास्तर सांगतील, असं तो म्हणत होता. इतकी वर्षं त्या हजेरीनं त्यांना दावणीला बांधून ठेवलं, ती एकदा तरी उपयोगी पडेल असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं.

अभिमन शेठकडं गेला होता. जायला त्यानं उशीर लावला, पण गेला. दलिचंद शेठनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात बोलले. “मास्तर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण कोर्टात हे बोललात की पहिला प्रश्न येईल, कुठल्या कायद्यानं घेत होता हजेरी? फौजदार जाईल, मी जाईन, तुमची नोकरी जाईल. आणि वस्तीला कळेल की कायदाच नव्हता. उद्यापासून एक माणूस पारापाशी येणार नाही. मग माझ्या आईनं झोपायचं कसं?” त्यात धमकी नव्हती. धमकी असती तर अभिमनला चीड तरी आली असती. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. खटला सेशन्सकडं जाण्याआधी पारोळ्याच्या खालच्या कोर्टात फौजदारानं शपथेवर सांगितलं की असली कुठली हजेरी त्या गावात होत नाही, कायदा केव्हाच रद्द झाला, आरोपीचं म्हणणं बनावट आहे. कमिटीतल्या दोघांनी त्याला दुजोरा दिला. अभिमनला कुणी बोलावलंच नाही. मधल्या काळात त्याची जळगावला बदली झाली. किती वर्षं तो अर्ज करत होता बदलीचा. या खेपेला अर्ज न करता झाली.

जळगावात नळाचं पाणी होतं, सुनंदाला शेजार चांगला मिळाला होता. अभिमन शिकवायचा, संध्याकाळी फिरायला जायचा, फक्त दिवे लागायच्या वेळी त्याला कुठंतरी उशीर होतोय असं वाटायचं. चिंधाला सरकारी खर्चानं दिलेला तरुण वकील मध्यंतरी एकदा घरी येऊन गेला होता. समन्स काढून तुम्हाला उभं करता येईल, असं तो सरळ म्हणाला, पण तुम्ही तिथं जाऊन उलटलात तर होतं नव्हतं तेही जाईल. तेव्हा मनापासून येणार असाल तरच या. अभिमननं विचार करून सांगतो म्हटलं आणि विचार केला नाही. उलट मनाला एक नवीच पळवाट शिकवली. त्या संध्याकाळी चिंधा खरंच उभा होता कशावरून? आपण आवाज ऐकला. एकाच्या नावावर दुसऱ्यानं ओ दिली नसेल कशावरून? वर्गात पोरं करतातच. या विचारानं त्याला चांगली आठेक दिवस झोप लागली. मग पुन्हा लागेनाशी झाली, कारण चिंधाचा आवाज त्याला नीट आठवत होता. बापासारखा खणखणीत नव्हे, जरा बसका, शब्द गिळून टाकणारा. त्या संध्याकाळीही तोच होता.

तर आता तो घराच्या वाटेवरून परत फिरला. म्हाताऱ्याला गाठायचं आणि विचारायचं, काय बोलायचं होतं. बस उभ्या राहतात तिथं पाहिलं, स्टेशनजवळच्या धर्मशाळेच्या ओट्यावर पाहिलं, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली खेड्यातली माणसं भाकरी सोडून बसली होती त्यांच्यात पाहिलं. उखर्डू कुठं नव्हता. शोधता शोधता एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली, की तो डोक्याचं फडकं शोधतोय, जोडलेले हात शोधतोय, तोंड शोधतच नाही. मघाशी एवढ्या जवळ उभा होता म्हातारा, पण त्याच्या तोंडाचं काहीच मागं उरलं नव्हतं. वाळका होता एवढंच. अभिमनला तो प्रकार जरा खटकला, पण त्यानं त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. मनात दुसराच विचार जोर धरत होता.

घरी आल्यावर सुनंदानं त्याच्याकडं पाहिलं आणि भाकरी थापायची थांबली. तिला त्या गावातलं सगळं माहीत होतं. ओळ मोडली की वस्तीतली माणसं मास्तरांच्या घरावरूनच परतायची. त्यानं तिला पेठेतलं सांगितलं, जा म्हटल्याचंसुद्धा सांगितलं. हसल्याचं तेवढं गाळलं. मग विचारलं, काय करू. तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि खाली मान घालूनच म्हणाली, “मला विचारू नका. विचारलंत तर मी नको म्हणेन.” ती तिसऱ्यांदा गरोदर होती, पहिली दोन्ही मुलं राहिली नव्हती, आणि नोकरी गेली तर कुठं जायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं खोटा धीर दिला नाही याबद्दल अभिमनला तिचा आदर वाटला. त्यानं चपला घातल्या आणि वकिलाचं घर गाठलं.

वकील जेवत होता, उष्ट्या हातानंच उठून बाहेर आला. उद्या येतो म्हटल्यावर त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. त्यानं सगळं खोदून खोदून विचारलं. हजेरी कुणी सुरू केली, कुठं व्हायची, किती माणसं, त्या दिवशी कोण कोण होतं, चिंधाचं नाव घेतलंत का, त्यानं ओ दिली का. अभिमननं प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं. फक्त एक प्रश्न वकिलानं विचारला नाही, कारण तो कुणाला सुचण्यासारखाच नव्हता. परत येताना अभिमनला वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. नोकरी जाईल तर जाईल, बापाचं शेत आहे. गाव थुंकेल तर थुंकेल. आपण वाईट माणूस नाही, असं त्याला पुन्हा एकदा वाटू लागलं होतं, आणि चालताना त्याची पावलं जरा ऐटीतच पडत होती.

कोर्टात गर्दी होती. दलिचंद शेठ आले होते, फौजदार आला होता. भिंतीजवळच्या बाकावर टोकाला उखर्डू आणि वस्तीतली दोनचार माणसं अंग चोरून बसली होती. अभिमननं कठड्याला हात टेकून शपथ घेतली आणि सांगायला सुरुवात केली. फौजदाराचा चहा, शेठची ओसरी, पार, ओळ, सगळं त्यानं सांगितलं. कुठल्या कायद्यानं घेत होता, हा प्रश्न सरकारी वकिलानं विचारलाच. कुठल्याच नाही, अभिमन म्हणाला, ते बेकायदा होतं आणि ते मी केलं. कोर्टात कुजबुज झाली. फौजदार उठून बाहेर गेला. शेठनं मान खाली घातली. अभिमनची छाती भरून आली. लाजेचा एवढा मोठा धोंडा आपण चारचौघांत उतरवून ठेवला, आता पाठ मोकळी झाली, असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं.

सरकारी वकील वयस्कर होते, चिडणारे नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. दोन वर्षं रोज हजेरी घेत होता म्हणता, मग या माणसांना चांगलंच ओळखत असाल, असं त्यांनी विचारलं. अभिमन हो म्हणाला. आरोपीच्या पिंजऱ्यात तिघं उभे होते. सरकारी वकील बाजूला झाले आणि साध्या आवाजात म्हणाले, “यातला चिंधा कोण, तेवढं दाखवा.”

अभिमननं पिंजऱ्याकडं पाहिलं. तिघं तरुण, तिघं काळे, तिघांचे केस तुरुंगात बारीक कापलेले. एकाच्या भुवईवर व्रण होता. एकाचे डोळे घारे होते. एकाला पुढचा दात नव्हता. हे व्रण, हे डोळे, हा दात रोज संध्याकाळी त्याच्यापासून चार हातांवर उभे होते आणि त्यानं ते जन्मात पाहिले नव्हते. त्याला पाराचा निखळलेला दगड दिसला, खाचेतल्या मुंग्या दिसल्या. त्या मुंग्या त्यानं कुठंही ओळखल्या असत्या. बोट उचलून कुणाकडंतरी दाखवावं, तिनात एक बरोबर येईल, असं मनात आलं, आणि हे मनात आलं याची त्याला इतकी किळस आली की हात कठड्यावरून उचललाच नाही. बचावाचा तरुण वकील त्याच्याकडं बघत होता. आधी त्याला काही कळलं नाही, मग कळलं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा सांगितला. अभिमनला बोलायचं होतं, की मी लाजत होतो हो, लाज वाटत होती म्हणून मान खाली घालत होतो. पण ते कुणाला सांगायचं, आणि त्याचा कुणाला काय उपयोग.

तेव्हा पिंजऱ्यात घाऱ्या डोळ्यांचा पोरगा जरा पुढं सरकला. मास्तर अडचणीत आहेत एवढं त्याला कळलं असावं. पोलिसानं दंड धरला तरी त्यानं पाय जुळवले, हात जोडले, आणि त्या बसक्या, शब्द गिळणाऱ्या आवाजात म्हणाला, “चिंधा हजर शे, मास्तर.”

“हाच,” अभिमन म्हणाला. “हाच तो. हाच आवाज.” सरकारी वकिलांनी हसू येऊ दिलं नाही, तेवढा त्यांचा भलेपणा. ते न्यायाधीशांकडं वळून म्हणाले की साक्षीदार आरोपीला ओळखू शकला नाही, आरोपीनं स्वतःच नाव सांगितल्यावर ओळखलं, एवढी नोंद व्हावी. आणि साक्षीदारानं कुणालाच पाहिलं नव्हतं, नुसते आवाज ऐकले होते, हेही त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतलं. मग अभिमनला खाली उतरायला सांगितलं.

बाकावर दुसरीकडं जागा नव्हती. उखर्डूनं सरकून जागा केली, स्वतः अर्धा खाली जमिनीवर आला. मास्तर बोलले, फौजदार उठून गेला, पोरानं ओ दिली आणि मास्तरांनी पोराला ओळखलं, एवढं त्यानं पाहिलं होतं. कोर्टाची भाषा त्याला कळण्यासारखी नव्हती. मग अभिमनच्या धोतराच्या काठाला बोट लावून त्यानं हळूच विचारलं, “आते सोडतीन ना त्याले, मास्तर?”

अभिमननं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे घारे होते, पोराला ते त्याच्याकडूनच आले होते. एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात झाली होती. हनुवटीवर देवीचे वण होते, दाढीचे पांढरे खुंट त्या वणांना चुकवून उगवले होते, आणि त्या सगळ्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

“नही, आबा,” अभिमन म्हणाला. “मी त्याले कधी देखंच नही.”